हलका बूट, वेगवान पाऊल : धावण्याच्या बुटाचा इतिहास आणि आजची निवड

प्रस्तावना

रायपूर शहराला उत्तरेकडे लागून, उरला औद्योगिक वसाहतीच्या शेजारी बीरगांव हे कारखान्यांचे गाव आहे. बीरगांव असो, साताऱ्याचे माण असो की बीडचे आष्टी, पहाटे मैदानावर किंवा मोकळ्या रस्त्यावर धावणारी मुले-मुली सगळीकडे भेटतात. कोणी सैन्य किंवा पोलीस भरतीची तयारी करत असतो, कोणी महाविद्यालयाच्या १५०० किंवा ५००० मीटर शर्यतीची. या सर्वांना केव्हातरी एकच प्रश्न पडतो : जलद सरावासाठी आणि छोट्या शर्यतीसाठी हलका बूट घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणता?

हा प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. हलका बूट ही काही नवी युक्ती नव्हे. गेली दीडशे वर्षे कारागीर, धावपटू आणि कारखानदार बुटाचे वजन कमी करत आले आहेत. प्रत्येक वेळी वजन कमी करताना त्यांना दुसरे काहीतरी सोडावे लागले : कधी टिकाऊपणा, कधी पायाचे संरक्षण, कधी खिशाला परवडणारी किंमत. काय सोडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजले की आजची निवड सोपी होते. या टिपणात आपण तेच पाहणार आहोत.

या पाठाचा अभ्यास केल्यावर तुम्हाला
१) धावण्याच्या बुटाच्या विकासातील मुख्य टप्पे सांगता येतील;
२) अनवाणी धावण्याच्या भारतीय परंपरेचा सामाजिक अर्थ स्पष्ट करता येईल;
३) बुटाचे वजन आणि वेळ यांचा संबंध आकड्यांत मांडता येईल;
४) स्वतःसाठी बूट निवडताना ही माहिती वापरता येईल.

१. अनवाणी पायांचा वारसा : पुणे, १९१९

भारताच्या ऑलिंपिक इतिहासाची सुरुवात बहुधा पुण्यातल्या एका मैदानापासून सांगितली जाते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांना धावताना पाहिले. बहुतेक जण अनवाणी होते. शर्यतीचे नियम, सुरुवात कशी करायची, वळण कसे घ्यायचे, याचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. या मुलांना ऑलिंपिकला पाठवता येईल, असा विचार तिथून पुढे आला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी छोटा संघ रवाना झाला.

या प्रसंगाची माहिती आपल्याला मुख्यतः दोराबजींच्या पत्रातून मिळते. ते त्यांनी सुमारे दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिले होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही याची नोंद घ्यायला हवी. हे आठवणीतून लिहिलेले आहे आणि लिहिणारा प्रेक्षकांत बसलेला उद्योगपती आहे. अनवाणी धावणाऱ्यांनी स्वतः काही लिहून ठेवले असते, तर त्यात पायाला रुतलेल्या खड्यांचाही उल्लेख कदाचित आला असता.

त्या संघात बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या ठरलेल्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही लांब. चौगुलेने ती सुमारे २ तास ५१ मिनिटांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. सीमाभागातल्या एका तरुणाने, जिथे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण जवळजवळ नव्हते अशा देशातून जाऊन केलेली ही कामगिरी आजही मोठी वाटते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. अनवाणी धावणारे जलद होते, म्हणून अनवाणी धावणेच श्रेष्ठ, असा निष्कर्ष या प्रसंगातून निघत नाही. त्या काळी ग्रामीण महाराष्ट्रात पायात काही न घालणे ही अनेकांच्या बाबतीत निवड नव्हतीच. गरिबी हे एक कारण होते. दुसरे कारण जातिव्यवस्थेचे होते. अनेक गावांत दलितांनी सवर्णांसमोर वहाणा घालून चालणेही उद्धटपणाचे मानले जाई. ज्या समाजांनी कातडे कमावून वहाणा शिवल्या, त्यांच्याच पायांवर असा निर्बंध होता. म्हणून ‘अनवाणी धावपटू’ या शब्दांत कौतुक जितके आहे, तितकाच अभावही आहे. हे दोन्ही ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

२. खिळ्यांचे बूट : कारागिराचा काळ

युरोपात त्याच सुमारास धावण्याचे खास बूट तयार होत होते. त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली रबराची. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची पद्धत शोधली. त्यातून कापडी वरचा भाग आणि रबरी तळ असलेले स्वस्त बूट शक्य झाले. दुसरी गोष्ट खिळ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले धावण्याचे बूट इंग्लंडमध्ये वापरात आले. गवताच्या किंवा राखेच्या धावपट्टीवर पाय घसरू नये, हा त्यांचा उद्देश होता. आज ज्यांना आपण ‘स्पाइक्स’ म्हणतो, त्यांचे हे पूर्वज.

इंग्लंडमधल्या बोल्टन गावी जोसेफ विल्यम फॉस्टर याने १८९० च्या दशकात असे खिळ्यांचे बूट हाताने बनवायला सुरुवात केली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर जिंकणारा हॅरल्ड अब्राहम्स आणि ४०० मीटर जिंकणारा एरिक लिडल हे दोघे फॉस्टरचेच बूट वापरत. पुढे याच घराण्यातल्या नातवंडांनी १९५८ मध्ये रीबॉक ही कंपनी काढली. जर्मनीत हर्त्सोगेनऔराख या छोट्या गावात आडोल्फ आणि रुडोल्फ डास्लर या भावांनी १९२४ मध्ये बुटांचा कारखाना काढला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने त्यांचे खिळ्यांचे बूट वापरले. नंतर भावांचे बिनसले आणि त्या एका कारखान्यातून पुमा (१९४८) आणि आदिदास (१९४९) अशा दोन कंपन्या झाल्या.

या काळातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे रॉजर बॅनिस्टरचा बूट. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर बॅनिस्टरने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत मोडली. त्याचे बूट लंडनच्या जी. टी. लॉ या कारागिराच्या दुकानात खास त्याच्यासाठी शिवलेले होते. पातळ चामड्याच्या त्या बुटाचे वजन साडेचार औंस, म्हणजे सुमारे १२८ ग्रॅम होते. बॅनिस्टर वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याने खिळे घासून धारदार केले आणि धावपट्टीची राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट लावले. कारण राख चिकटली की वजन वाढते. २०१५ मध्ये तो जोड लिलावात २,६६,५०० पौंडांना विकला गेला.

बॅनिस्टरच्या बुटातून दोन गोष्टी कळतात. हलका बूट सत्तर वर्षांपूर्वीही बनत होता; आजच्या अनेक खिळ्यांच्या बुटांचे वजन त्याच्या आसपासच असते. पण तो बूट एका पायासाठी, एका अंतरासाठी आणि एका धावपट्टीसाठी बनवलेला होता. रोज दहा किलोमीटर सरावासाठी तो कोणी वापरला नसता.

३. भारतातला कॅनव्हासचा बूट

भारतातल्या सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला असा कारागिराचा बूट कधी आला नाही. त्याच्या वाट्याला आला तो कॅनव्हासचा. चेक उद्योजक टोमाश बाटा यांच्या कंपनीने १९३१ मध्ये कोलकात्याजवळ कोन्नगर येथे काम सुरू केले आणि त्याच दशकात हुगळीच्या काठी बाटानगर उभे राहिले. कापड आणि रबर यांचा हा बूट यंत्रावर मोठ्या संख्येने बनत असे आणि चामड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असे. शाळेच्या कवायतीचा, एन.सी.सी.चा आणि गावच्या शर्यतीचा तोच बूट झाला. तुमच्या आईवडिलांना विचारा. शनिवारी खडूने किंवा पांढऱ्या पॉलिशने रंगवलेले पीटीचे बूट त्यांना नक्की आठवतील.

हा बूट हलका होता, पण तो हलकेपणा फसवा होता. त्याचा तळ रबराच्या एका सपाट पट्टीचा असे. टाचेखाली किंवा चवड्याखाली धक्का शोषणारा थर जवळजवळ नसे. पावसात कापड पाणी पिऊन जड होई. तरीही एका अर्थाने तो लोकशाही बूट होता, कारण एकाच शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या बहुतेकांच्या पायांत तोच असे किंवा काहीच नसे. १९९० च्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाल्यावर परदेशी क्रीडाकंपन्यांची दुकाने शहरांत आली. त्यानंतर सुरुवातीच्या रेषेवरची ही समानता संपली.

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत या बदलाच्या काळातली. आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविताने लांब पल्ल्याची धाव निवडली, त्यामागे एक साधे कारण होते : या खेळाला साहित्य लागत नाही, अनवाणीही धावता येते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. बारामतीच्या शर्यतीत उतारवयात नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि आजारी पतीच्या तपासणीसाठी बक्षिसाची रक्कम जिंकणाऱ्या लता करे यांची गोष्टही महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यावर मराठी चित्रपट निघाला. अशा कथा ऐकताना आपण भारावतो, ते योग्यच आहे. मात्र ‘जिद्द असली की बूट लागत नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. जिद्द त्यांची होती. बूट नसणे ही व्यवस्थेची उणीव होती.

४. बिकिलाचा धडा

अनवाणी धावण्याच्या चर्चेत इथिओपियाच्या आबेबे बिकिलाचे नाव हमखास येते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली. वेळ २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच थांबते. तुम्ही पुढचे पान उलटा. रोममध्ये मिळालेल्या बुटांपैकी एकही जोड त्याच्या पायाला नीट बसत नव्हता आणि अनवाणी धावण्याचा त्याला सराव होता, म्हणून त्याने बूट बाजूला ठेवले. चार वर्षांनी तोक्योत त्याने बूट घालून २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा सुवर्ण जिंकले आणि स्वतःचीच वेळ तीन मिनिटांनी सुधारली.

तीन मिनिटांचे श्रेय एकट्या बुटाला देता येणार नाही. मार्ग वेगळा होता, हवामान वेगळे होते, धावपटूचा अनुभव वाढला होता. पण एक निष्कर्ष भक्कम आहे. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरे आणि नीट बसणारा बूट असेल तर तो घालावा, हे बिकिलाने दोन्ही वेळा कृतीने दाखवले.

५. वजन खरोखर किती महत्त्वाचे?

आता आकड्यांकडे वळू. पाऊल उचलताना बुटाचे वजनही उचलावे लागते. १६०० मीटर धावताना साधारण हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पाय सुमारे ५०० वेळा उचलला जातो. बूट १०० ग्रॅमने जड असेल तर एका पायाने शर्यतीभर ५० किलो जास्तीचे वजन थोडे थोडे करून उचलले, असा हिशेब होतो.

१९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत सातत्याने असे आढळले की प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले की धावायला लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला : ऊर्जा वाढते, पण वेळही वाढते का? त्यांनी धावपटूंना न सांगता बुटांत शिशाचे तुकडे बसवले आणि ३००० मीटर जोराने धावायला लावले. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढल्यावर वेळ सरासरी ०.७८ टक्क्याने वाढली.

हा आकडा भरतीच्या शर्यतीला लावून पाहू. सैन्याच्या भरती मेळाव्यात अनेक वर्षे असा नियम होता की १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केले तर ६० गुण आणि त्यानंतर ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत आले तर ४८ गुण. ५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ३३० सेकंद. त्याचे ०.७८ टक्के म्हणजे सुमारे २.६ सेकंद. त्या वेगाने २.६ सेकंदांत धावपटू साडेबारा मीटर अंतर कापतो. म्हणजे ३२० ग्रॅमच्या जड बुटाऐवजी २२० ग्रॅमचा बूट घातला तर ५ मिनिटे ३२ सेकंदांना पोहोचणारा मुलगा वरच्या गटात जाऊ शकतो. बारा गुणांचा फरक पडतो आणि त्यावर एखाद्या घराची पुढची वीस वर्षे अवलंबून असू शकतात.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. ५ मिनिटे ५० सेकंद लागणाऱ्याला कोणताही हलका बूट ५ मिनिटे ३० सेकंदांवर आणणार नाही. वीस सेकंद सरावाने कमी होतात, बुटाने दोन-तीन. कर्ज काढून बूट घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा.

मग वजन शून्य केले, म्हणजे अनवाणी धावले, तर? २०१२ मध्ये त्याच विद्यापीठात हेही तपासले गेले. अनवाणी धावायची सवय असलेल्या धावपटूंना कधी अनवाणी, तर कधी सुमारे १५० ग्रॅमच्या गादीदार बुटात धावायला लावले. अनवाणी धावण्यात ऊर्जेची बचत झाली नाही. पायाला तेवढेच वजन बांधून तुलना केली, तेव्हा बूट घातलेलेच ३ ते ४ टक्के कमी ऊर्जेत धावले. कारण धक्का शोषणारा थर नसला की ते काम पायाच्या स्नायूंना करावे लागते आणि त्यालाही ऊर्जा लागते. म्हणून ‘जितके हलके तितके चांगले’ हा नियम अर्धाच खरा आहे. पूर्ण नियम असा : गादीचा उपयोग टिकवून जितके हलके होईल तितके चांगले.

६. फोम, प्लेट आणि नियम : २०१७ नंतर

पूर्वी गादी वाढवली की वजन वाढे. म्हणून सरावाचा बूट जाड आणि जड, शर्यतीचा बूट पातळ आणि हलका, अशी सरळ विभागणी होती. २०१७ मध्ये नायकीने बाजारात आणलेल्या व्हेपरफ्लाय बुटाने ही विभागणी मोडली. त्यात पेबॅक्स या अतिशय हलक्या आणि दाबल्यावर उसळी घेणाऱ्या पदार्थाचा जाड थर आणि त्यात कार्बन तंतूंची वक्र प्लेट होती. प्रयोगशाळेत इतर उत्तम बुटांना शिसे लावून सर्वांचे वजन समान केले, तरी या बुटात सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचली. याचा अर्थ फायदा केवळ हलकेपणाचा नव्हता, साहित्याचाही होता. अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर होती. विक्रम मोडू लागले, तसा प्रश्नही उभा राहिला : जिंकतो तो धावपटू की बूट?

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ३१ जानेवारी २०२० रोजी मर्यादा घातली. रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि त्यात एकच प्लेट असावी. धावपट्टीवरच्या शर्यतींसाठी मर्यादा अधिक कडक आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून मैदानावरच्या सर्व शर्यतींत तळ २० मिलिमीटरपर्यंतच चालतो. विद्यापीठ स्पर्धेत १५०० किंवा ५००० मीटर धावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. रस्त्यावरचा महागडा जाड बूट नियमानुसार होणाऱ्या मैदानी शर्यतीत बाद ठरू शकतो. खिळ्यांची संख्या एका बुटाला ११ पेक्षा जास्त असू नये, असाही नियम आहे.

याच काळात महाराष्ट्रातल्या दोन धावपटूंनी ३००० मीटर अडथळा शर्यतीत नाव काढले. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जाई. सैन्यात सियाचिनसह अनेक ठिकाणी नोकरी करून तो धावपटू झाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला.

त्यांच्या शर्यतीत बुटाविषयी एक चांगला धडा आहे. अडथळा शर्यतीत सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. त्यामुळे तिथे बूट कोरडा असताना किती हलका आहे, इतकेच पाहून चालत नाही; पाणी किती लवकर बाहेर टाकतो, हेही पाहावे लागते. पावसाळ्यात धावणाऱ्या आपल्या सर्वांना हा धडा लागू आहे.

७. इतिहासाच्या आधारे निवड

आता दुकानात जाऊ. वरच्या प्रत्येक टप्प्यातून एकेक सूत्र मिळते.

(अ) आधी माप. १९६० च्या बिकिलाचा धडा इथे पहिला. आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळापासून त्यांचीच मापे चालत आली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने सुमारे १ लाख भारतीयांची पावले मोजली. त्यात भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. रुंदी बसावी म्हणून आपण अनेकदा गरजेपेक्षा लांब बूट घेतो. मग पाय आत पुढे-मागे सरकतो, नखे काळी पडतात आणि वेगात पकड सुटते. म्हणून संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, धावण्याचे मोजे घालून माप पाहा. अंगठ्यापुढे साधारण अर्ध्या बोटाची जागा, चवड्याला मोकळीक आणि टाचेला घट्ट पकड हवी. मुलींनी केवळ रंग पाहून निवडू नये. चवड्याला आवळत असेल तर पुरुषांच्या मापातला बूटही घालून पाहावा.

(आ) मग वजन. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बूट ठेवला तरी चालतो. एका बुटाचे वजन पाहायचे असते, जोडाचे नव्हे. ढोबळमानाने रोजच्या सरावाचा बूट २५० ते ३०० ग्रॅम, जलद सरावाचा २०० ते २४० ग्रॅम आणि शर्यतीचा त्याहून हलका असतो. मापानुसार यात फरक पडतो.

(इ) अंतर आणि जमीन. बॅनिस्टरचा बूट एका कामासाठी होता. तुमचे काम कोणते ते ठरवा. कृत्रिम धावपट्टीवर ८०० किंवा १५०० मीटर धावायचे असेल तर खिळ्यांचा बूट योग्य. मातीच्या मैदानावर भरतीची १६०० मीटर असेल तर हलका, लवचिक, मातीत पकड देणारा बूट हवा. तिथे खिळे चालतात की नाही, ते त्या भरतीच्या सूचनांत आधी वाचा. रस्त्यावरच्या ५ किंवा १० किलोमीटरसाठी थोडी अधिक गादी हवी.

(ई) शरीराची तयारी. पातळ आणि कमी टाचेचा बूट पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर जास्त ताण देतो. २०१० च्या सुमारास जगभर अनवाणीसदृश बुटांची लाट आली. अनेकांनी एका रात्रीत बूट बदलले आणि दुखापती ओढवून घेतल्या. कार्बन प्लेटचे बूट घाईने वापरणाऱ्यांत पायाच्या हाडांना ताण आल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. म्हणून नवा हलका बूट आठवड्यातून एकदाच, छोट्या अंतराच्या जलद सरावाला घाला आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. शर्यतीच्या दिवशी नवा बूट प्रथमच घालू नका.

(उ) शेवटी पैसा. एकच जोड परवडत असेल तर अतिहलका बूट घेऊ नका. त्याचा तळ लवकर झिजतो आणि रोजच्या अंतराला तो पुरत नाही. मध्यम वजनाचा, नीट बसणारा एक जोड हाच शहाणपणाचा पर्याय आहे. दोन जोड शक्य असतील तर एक रोजचा आणि एक हलका ठेवा. हलका जोड जलद सराव आणि शर्यत यांनाच वापरलात तर पुष्कळ दिवस टिकतो. कार्बन प्लेटशिवायचे साधे हलके बूट भारतात बऱ्याच कमी किमतीत मिळतात आणि छोट्या शर्यतीत त्यांनी काम भागते.

समारोप

पुण्याच्या मैदानावरच्या अनवाणी तरुणांपासून आजच्या फोमच्या बुटांपर्यंत शंभरहून अधिक वर्षे झाली. या प्रवासात वजनाचे महत्त्व सिद्ध झाले आणि त्याची मर्यादाही. हलका बूट काही सेकंद देतो. ते सेकंद काठावर उभ्या असलेल्याच्या उपयोगी पडतात, सरावात मागे असलेल्याच्या नाही. आणि न बसणारा बूट कितीही हलका असला तरी तो जडच असतो.

दुसरी गोष्ट सामाजिक आहे. कोणाच्या पायात कोणता बूट आहे, हे केवळ आवडीवर कधीच ठरले नाही. जात, उत्पन्न, बाजार आणि नियम यांनी ते ठरवले. जागतिक संघटना तळाची जाडी मोजू शकते, पण सुरुवातीच्या रेषेवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलीला बूट देण्याचे काम कोणत्याही नियमपुस्तकात नाही. तुमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात वापरलेले पण चांगले बूट जमा करून गरजूंना देण्याची सोय करता आली, तर या पाठाचा तो सर्वांत चांगला उपयोग होईल.

स्वाध्याय

१) १९१९ च्या पुण्यातील क्रीडामेळाव्याविषयी दोराबजी टाटांचे पत्र हे ऐतिहासिक साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्याल?
२) ‘अनवाणी धावणे ही परंपरा की अभाव?’ सोदाहरण चर्चा करा.
३) तुमच्या सध्याच्या एका बुटाचे वजन काट्यावर मोजा. ५००० मीटरची तुमची वेळ घेऊन, बूट १०० ग्रॅमने हलका झाल्यास किती सेकंद वाचतील, ते ०.७८ टक्के या दराने काढा. तेवढ्या सेकंदांसाठी किती रुपये खर्च करणे योग्य वाटते, ते कारणासह लिहा.
४) घरातल्या किंवा शेजारच्या तीन पिढ्यांतील व्यक्तींना त्यांच्या शाळकरी वयातील बुटांविषयी विचारा आणि मिळालेली माहिती एक पानात मांडा.
५) टिपा लिहा : (अ) बॅनिस्टरचा बूट (आ) बाटानगर (इ) २०२० ची तळाच्या जाडीची मर्यादा.